देवीची पेज

२१ जानेवारी

वही, तू तरी ध्यानात ठेव. लिहिणारी हाय माझी नात हर्षला, आणि पुढं वाचणारी पण तीच – मला गोदूबाईला कुठं अक्षर येतंय! पण हिच्यावर भरवसा ठेवू नको. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरली. पातेल्याचा कोळसा. वर मलाच विचारते, "आजी, कसला वास येतोय गं?" हे पण लिही, हर्षे. गाळू नको.

आज पारूच्या न्हाणीतनं धूर निघाला नाय. कुंपणापलीकडंच तर घर हाय तिचं. मी बघत नव्हते. डोळा गेला!

२२ जानेवारी

पारूला ताप हाय. तिचा नवनाथ मोहोपाड्याला कंपनीत. पहाटे कामावर निघताना दिसला. म्हणाला, "काकी, आई चार दिवस काय खात नाय. कर्जतचा डॉक्टर म्हणतो, उपाशीपोटी गोळ्या चालायच्या नाय. दोन-तीन दिवसांत पोटात काय गेलं नाय तर अ‍ॅडमिट करा. बिस्किटं ठेवून जातो, तर ती कुत्र्याला घालते."

मी म्हटलं, "कुत्रा बरा हाय ना?"

तोंडाची खोड! पोर हसलं नाय. माझी मलाच लाज वाटली.

२३ जानेवारी

रोज आंघोळ झाली की मी तुळशीपुढं उभी राहते आणि गल्लीतल्या एकेका घराचं नाव घेते. मला पोथी येत नाय, स्तोत्र येत नाय. घरं येतात. धोंडीची म्हैस दुधाला येऊ दे. नंदाची पोर पोटुशी हाय, तिला सुखरूप मोकळी कर. अशी नऊ घरं. पण सहा वर्षं झाली, मी आठच घेते.

नववं पारूचं. तिची शेळी माझ्या वालाच्या वेलात शिरली. मी ती दिवसभर उन्हात बांधून ठेवली, पाणी पण दाखवलं नाय. मुक्या जिवाला! पारू भर गल्लीत म्हणाली, "गोदे, तुझ्या घरचं अन्न शिवले तर देवीची आण!" तिनं आण पाळली. मी राग पाळला.

आज नाव घेतलं. जीभ जड झाली, पण घेतलं. तिला भूक लागू दे, म्हटलं. मागून झालं आणि स्वतःचे हात बघितले – रिकामे. देवाला काय सांगतेस, गोदे? चूल तर तुझ्याच घरात हाय!

२४ जानेवारी

पेज केली. जुना तांदूळ, मऊ शिजवलेला. मीठ बेताचं, वर चमचाभर तूप. पण माझ्या घरची पारू शिवायची नाय. तिला आण मोडायला लावायची, ते पुण्य कसलं? प्रसादाला मात्र कुणी नाय म्हणत नाय!

म्हणून वाटी घेऊन गावदेवीच्या देवळात गेले. भिवाजी गुरव बघतच राहिला. "गोदूबाई, देवीला पेज? आजारी हाय का काय ती?"

"देवी ठणठणीत हाय. तिची लेक आजारी हाय. तू गप घंटा वाजव."

मग हर्षलाच्या हाती वाटी पाठवली. पारूनं विचारलं, "कुणी दिली?" ही म्हणाली, "देवीचा प्रसाद आहे." खोटं नाय हं, वही! ठेवली होती पुढ्यात. पारूनं वाटी कपाळाला लावली आणि प्यायली. सगळी!

२५ जानेवारी

परत पेज. परत देऊळ. परत रिकामी वाटी. गोळी पण घेतली म्हणे.

२६ जानेवारी

शाळेतनं झेंड्याची गाणी ऐकू येत होती. मला कशात गोडी नाय. पारूचा ताप चढला. वाटी तशीच परत आली.

हर्षला मग हळूच म्हणते, "आजी, आपण फसवलं म्हणून नसेल ना गं?"

खेकसले तिच्यावर – लिही मुकाट्यानं! पण माझ्या पण मनात तेच. तांदूळ माझा, तूप माझं, चूल माझी आणि नाव देवीचं. बिचारीची आण माझ्या लबाडीनं मोडली असंल तर?

संध्याकाळी दारात बसून बोलले. देवी, लबाडी माझी हाय. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिला सोड. तिला बरी कर. माझ्याशी जन्मभर बोलली नाय तरी चालंल.

नवस नाय बोलले. देवीला लालूच दाखवायचं माझं वय राहिलं नाय.

२७ जानेवारी

ताप उतरला! पहाटे घाम फुटला म्हणे. अर्धी वाटी पेज गेली. नवनाथनं रजा टाकून दवाखान्याची पिशवी भरून ठेवली होती, ती परत रिकामी केली. भिवाजी विचारतो, "देवीला उद्या काय, खिमट का?" मेला!

२८ जानेवारी, मंगळवार

हर्षला वाटी घेऊन गेली ती पळतच परत आली. पारू उठून बसली हाय. निरोप दिलाय. हर्षे, जसाच्या तसा लिही –

"देवीला सांग, देवळात हेलपाटे नको घालू. वाटी कुंपणावरनं दिलीस तरी चालंल. उद्या बुधवार हाय. पेजेबरोबर सुकट पाठव. भाजून. लसूण जास्त घाल."