गुरुवारपासून थंडी कमी

११ जानेवारी, रविवार

थंडीचा नव्हे, माणसांचा वीट आलाय. जो तो एकच विचारतो, ही थंडी कधी जाणार. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठलं. विचारता विचारता शिंकल्या, थेट माझ्या बाहीवर. बाही धुवायला नळ सोडला तर नळाने नुसता घसा खाकरला.

विभागीय हवामान कार्यालयाचा साप्ताहिक अंदाज मी लिहितो. रेडिओवर वाचतात, पेपरात छापतात. माझं नाव कुठेच नसतं. असो.

संकल्प: या आठवड्यात चिडायचं नाही. आणि अंदाज ठाम लिहायचा. 'शक्यता नाकारता येत नाही' वगैरे मिळमिळीत भाषा बंद.

१२ जानेवारी, सोमवार

ऑफिसभर ओल्या लोकरीचा वास. रेडिएटरवर सगळ्यांचे हातमोजे वाळत पडलेत, मेलेल्या उंदरांसारखे. साहेब नाक शिंकरतात आणि मग रुमाल उघडून आत बघतात. काय शोधतात कोण जाणे. हे बघत बघत मी डबा खातो.

नवीन ज्युनिअर मुलगी नकाशे घेऊन आली. म्हणाली, सर, संगणकाचं मॉडेल सांगतंय की थंड हवा जागची हलणार नाही, शनिवारी पारा आणखी उतरेल. मी म्हटलं, मॉडेलला नाक नसतं. मला आहे. सकाळी बसस्टॉपवर हवेत काहीतरी फरक जाणवला होता. तिने विचारलं, म्हणजे नक्की काय फरक? अनुभव असा बोट ठेवून दाखवता येत नाही, असं सांगून तिला परत पाठवलं.

अंदाज स्वतः लिहिला. 'गुरुवारपासून थंडीचा जोर हळूहळू ओसरेल.' साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

घरी आलो तर हीटर बंद. बायको म्हणाली, मेकॅनिकला फोन कर, बाबांची छाती आधीच नाजूक आहे. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत कळ काढा. माझ्याच घरात माझ्या अंदाजावर भरवसा नसेल तर लोकांनी का ठेवावा? ती म्हणाली, लोकांचं त्यांना विचार, मी थंडीबद्दल बोलतेय.

बाबा रेडिओला कान लावून बसले होते. अंदाज लागला तसं त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. संपल्यावर म्हणाले, झालं, आमच्या चिरंजीवांनी सांगितलंय, गुरुवार.

घरात एक तरी समजूतदार माणूस आहे.

१४ जानेवारी, बुधवार

मेहुण्याचा फोन. त्याचं गालिच्यांचं दुकान आहे. हवामानातलं ओ की ठो कळत नाही, पण आवाजात भलताच आत्मविश्वास. भाऊजी, थंडी संपेपर्यंत सगळे आमच्याकडे या म्हणाला. त्याच्या घरात शिरलं की कुणीतरी अंघोळ केलेल्या कोमट पाण्यात बसल्यासारखं होतं. शिवाय त्याची मुलं चिकट असतात. कायम. कशाने, ते कळत नाही. उद्यापासून थंडी कमीच होतेय, असं सांगून फोन ठेवला.

स्वयंपाकघराच्या मागच्या पाइपांना बायकोने जुन्या चादरी गुंडाळल्यात. कुजट वास मारत होत्या. सोडून फेकून दिल्या. तसंही उद्यापासून गरज नाही.

१५ जानेवारी, गुरुवार, सकाळ

खिडकीच्या काचेवर आतून बर्फ. पारा कालच्यापेक्षा खाली.

घाबरण्यासारखं काही नाही. बदल आधी वरच्या हवेत होतो, मग सावकाश खाली उतरतो. वर नक्की ओसरायला लागलीय. लोकांना वरचं दिसत नाही, एवढंच.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मागचा पाइप फुटला. स्वयंपाकघरभर पाणी आणि त्यावर तरंगणारं काहीतरी राखाडी. ते काय होतं हे न बघता उचललं.

प्लंबर आला. त्याच्या बुटांचं वर्णन इथे करत नाही. म्हणाला, असल्या दिवसांत पाइप उघडे टाकलेत? मी म्हटलं, आजपासून थंडी कमी होणार असा अंदाज होता. तो म्हणाला, हो, मीपण ऐकला, ज्याने दिला ना त्याला इथे आणून फरशी पुसायला लावली पाहिजे.

मी तेव्हा फरशीच पुसत होतो. वाद घालायची ती वेळ नव्हती.

बाबा लवकर झोपले. जेवले नाहीत.

१६ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात फोन थांबेना. शेवटी कोपऱ्यावरची फुलवाली स्वतःच आली. अंदाज ऐकून तिने कुंड्या दुकानाबाहेर मांडल्या होत्या. त्यातली एक आणून माझ्या टेबलावर ठेवली. झाड काळं पडून लिबलिबीत झालेलं, खाली पाणी गळतंय. म्हणाली, हे तुमचं, ठेवा. आणि निघून गेली. साहेब दारात उभे राहून सगळं बघत होते.

नंतर आत बोलावून म्हणाले, काही दिवस अंदाज ती मुलगी लिहील. मी विचारलं, आणि मी? ते म्हणाले, तळघरात जुन्या फायलींचं काहीतरी करा. थोडक्यात, मला संशोधनासाठी मोकळं केलं. बरंच झालं. रोजच्या फालतू कामात माणसाची बुद्धी गंजते.

तळघरात बुरशी आहे. शेवाळी रंगाची, मऊ. एका फायलीवर चुकून हात टेकला. तीनदा धुतला.

बाबांना ताप. बायको माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते.

१७ जानेवारी, शनिवार

मॉडेल बरोबर ठरलं. योगायोग.

सकाळी डॉक्टर आले. बाबांची पाठ तपासली, बराच वेळ ऐकलं. न्यूमोनियाची सुरुवात आहे म्हणाले. वेळेत कळलंय, औषधाने आटोक्यात येईल, पण या खोलीत नको. इथे माझीच बोटं आखडलीत. मग माझ्याकडे बघून विचारलं, हीटर नाही का तुमच्याकडे? मी म्हटलं, आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. हे न विचारणं मला जास्त लागलं.

बायकोने बॅग भरली. मेहुणा गाडी घेऊन आला, बाबांना ब्लँकेटात गुंडाळून त्याने चक्क उचलून नेलं. बाबा इतके हलके कधी झाले?

दारात बायको थांबली. म्हणाली, ते आजारी कसे पडले माहीतय तुला? गुरुवारी तू ऑफिसला गेलास आणि हे कोट न घालता पाव आणायला निघाले. मी अडवलं. तर म्हणाले, मुलाने सगळ्यांना सांगितलंय आज कमी होणार, आणि बापच कोट घालून हिंडला तर कसं दिसेल?

गाडी गेली.

अंदाजात मी 'हळूहळू' लिहिलं होतं. बाबांनी 'हळूहळू' ऐकलं नाही. लोक अंदाज नीट ऐकत नाहीत ही माझी जुनी तक्रार आहे.

दुपार

घरात शांतता. एकाग्रतेसाठी उत्तम. संशोधनाचा आराखडा करायला बसलो.

संध्याकाळ

आराखडा झाला नाही. एवढ्या सगळ्या भागात माझ्या अंदाजावर एवढा विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला.

पुढे लिहायचं होतं. नको.

१८ जानेवारी, रविवार

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्याआधी जमणार नाही, गुरुवारपासून सगळ्यांचीच रड चालू आहे.

बाबांना बघून यावं म्हणून मेहुण्याकडे गेलो. फक्त बघायला. कपडे, दाढीचं सामान आणि चादर बरोबर घेतली होती, रस्त्यात बस अडकली तर असावं म्हणून.

मेहुण्याने दार उघडलं, माझ्या हातातल्या बॅगेकडे बघितलं. पायातल्या सपाता काढून मला दिल्या. त्याच्या पायांनी आतून गरम झालेल्या. शिसारी आली. घातल्या.

धाकटी भाची येऊन गळ्यात पडली. चिकट.

बाबा झोपले होते. श्वासाचा आवाज ऐकत बाजूला बसून राहिलो. बायको दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, तू सांगितलंस तेव्हाच मेकॅनिकला बोलवायला हवं होतं. ती म्हणाली, हो. मला वाटलं होतं ती अजून काहीतरी बोलेल. उशी देऊन गेली.

२१ जानेवारी, बुधवार

बाबांचा ताप उतरला. आज टेबलावर येऊन सगळ्यांबरोबर बसले, हनुवटीवर पांढरे खुंट वाढलेत. मेहुण्याच्या बायकोने गरम सूप वाढलं. रेडिओ चालू होता, पण मुलांच्या गोंगाटात अंदाज कुणालाच ऐकू आला नाही.

बाबांनी वाडग्यातून मान वर करून मला विचारलं, काय रे, उद्या कसं?

सगळे थांबले. मुलंसुद्धा. बायकोने चमचा खाली ठेवला. माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य तयार होतं, क्रियापदासकट. दुपारी तळघरातून वर येताना हवेत खरोखरच काहीतरी फरक जाणवला होता.

मी म्हटलं, माहीत नाही, बाबा.

बाबा म्हणाले, बरं. मग वळून मेहुण्याला विचारलं. त्याने तोंडातला घास न गिळताच मोबाइल काढला आणि सांगितलं, दुपारून ऊन आहे. बाबांनी मान डोलावली.

मी सूप संपवलं. चांगलं होतं.