वरच्या खोलीत रेंज आली

व्याही महाराजांच्या सेवेशी,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, निदान तसं लिहायची रीत आहे. विहीणबाईंच्या गुडघ्यांचं कसं काय? माझे उत्तम आहेत, कारण हल्ली जिना उतरावाच लागत नाही. ते कसं, हे सांगायलाच कागद हाती घेतला. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. वरच्या खोलीतलं बोलणं खाली ऐकू जातं (खालचंही वर येतं, पण ते माझ्यासाठी नसतं).

मागच्या भेटीत तुम्ही तुमचा जुना राउटर मोठ्या प्रेमाने मला देऊन गेलात. खालच्या राउटरपासून वर एक वायर ओढा, हा जोडा, की झालं, इतकं म्हणालात आणि टॅक्सीत बसलात. मी तो मागितला होता अशातला भाग नाही. माझ्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी हॉलमध्ये येऊन फोनवर मोठ्याने बातम्या लावायचो, आणि त्या आपल्या कन्येच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिच्या साहेबांनाही ऐकाव्या लागायच्या, अशी तक्रार होती. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. व्याह्याला पत्र लिहिताना तसं म्हणायचंही नसतं.

पाणीपुरवठा खात्यात माझी उभी हयात गेली. वरच्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर काय करावं, हे मला कोणी शिकवायला नको. त्याच तोऱ्यात मी वायर जिन्याच्या कठड्याला बांधत वर नेली (आमच्या चिरंजीवांनी, बाबा, हिच्यात पाय अडकून कोणीतरी पडेल, एवढा हातभार लावला), राउटरच्या मागे खुपसली, दिवे लुकलुकले आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तेवढ्यात घरभराचं इंटरनेट गेलं. आपली कन्या खाली बढतीची मुलाखत देत होती. पडद्यावर तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला, आणि समोरच्या तिन्ही साहेबांनी तो तसाच बराच वेळ पाहिला म्हणे. बढती मिळाली, पण तो दिवस माझ्या नावावर लागला तो लागलाच.

भानगड अशी, की घरातला मुख्य राउटर प्रत्येक फोनला, टीव्हीला एकेक नंबर वाटतो आणि त्या नंबरावर सगळा कारभार चालतो. तुमच्या राउटरनेही तेच वाटप सुरू केलं, शिवाय दोघांचा स्वतःचा नंबर एकच. एका लाइनीवर दोन पंप समोरासमोर सोडावेत तशी गत झाली. दुसऱ्याला आधी वेगळा नंबर द्यायचा आणि त्याचं वाटप बंद करायचं, हे तुम्ही सांगायला विसरलात. (दोष तुमचा नाही, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.) शेवटी मी वायर काढली, हॉलमध्ये बसून फोनवर सूचना वाचल्या आणि एकट्याने ते निस्तरलं. सूचनांचा मथितार्थ असा, की दुसऱ्या राउटरने स्वतःचं काही ठरवायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही, खालून येईल ते निमूटपणे पुढे सोडायचं. हे मला चटकन समजलं. निवृत्त झाल्यापासून मी दुसरं काय करतोय.

आता वर वायफाय असं येतं की विचारू नका. पहिल्या संध्याकाळी सवयीने खाली उतरलो, तर आपल्या कन्येने काळजीने विचारलं, "बाबा, वर चालत नाहीये का?" चालतंय म्हटल्यावर हॉलमध्ये बसायला मला कारणच उरलं नाही. उभ्या उभ्या पाणी प्यायलो आणि वर आलो. दुसऱ्या दिवशी चहाचा थर्मास वर आला. नात पूर्वी माझ्या मांडीवर पाय टाकून अभ्यास करायची (अभ्यास कमी, माझ्या बातम्यांना नावं ठेवणं जास्त), ती आता खालून मेसेज करते. सगळे माझी सोय बघतात. बोल लावावा असं कोणीच काही केलेलं नाही, आणि त्याचाच मला संताप येतो. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो असं ऐकलं होतं, पण धोंडा व्याह्याने घरपोच आणून दिल्याचं ऐकलं नव्हतं. मला खाली बसायचं आहे हो. बातम्या नसल्या तरी चालेल.

विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या, त्याला नवीन काही जोडू नका.

आपला,
वरच्या मजल्यावरचा व्याही

ता. क. आपल्या कन्येला एक फोन करा. तो राउटर जुना आहे, तापतो, चालू ठेवणं धोक्याचं आहे, असं सांगा. तुमचं ती ऐकते. चिरंजीव लगेच नवा आणायला निघतील, तेव्हा नव्याची घाई नको, हेही तुम्हीच सांगा.

आणखी एक. खोटं बोलणं जिवावर येत असेल तर राहू द्या. रविवारी सगळे घरी असताना मी स्वतःच वायर काढून ठेवली होती. म्हटलं, मेसेजला उत्तर आलं नाही की कोणीतरी बघायला वर येईल. संध्याकाळी मीच ती परत जोडली, तेव्हा नातीचा दुपारचा मेसेज आला, आजोबा, ताट जिन्यात झाकून ठेवलंय.