मेंढरांच्या डोंगरावर कोणती गाडी

न्यूझीलंड, रविवार

अप्पा, तुम्हाला आणि आईला मोनाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या मेंढ्यांना आता माझी हाक कळते. म्हैस व्याली का?

डोंगरावर मेंढरांकडं जायला मी कामाला आहे त्या फार्मच्या मालकीणबाईंनी दोन चारचाकी गाड्या चालवून बघायला आणल्या आणि निवड माझ्यावर सोपवली. एकीवर मोटरसायकलसारखं टांग टाकून बसायचं. हलकी, चपळ, मला लगेच आवडली. दुसरी छोट्या जीपसारखी. वळायला जड, पण वर लोखंडी पिंजरा आणि कमरेला पट्टा.

पन्हाळ्याच्या चढापेक्षा उभ्या, ओल्या उतारावर हलकी गाडी आडवी झाली. मी वेळेत उडी मारली. गुडघा खरचटला, आता नीट चालते. एवढं आईला वाचून दाखवू नका.

मालकीणबाईंनी विचारलं, "अजून हीच हवी?" माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "न्हाय, न्हाय." त्यांना बरोबर कळलं. पिंजऱ्याची गाडी घेतली.

अप्पा, आपल्या ट्रॅक्टरची मागची लोखंडी कमान फांद्यांना अडकते म्हणून तुम्ही काढून ठेवलीय. ट्रॅक्टर उलटला तर तीच माणसाला वाचवते. फांद्या तोडा की, पण कमान उद्याच बसवा.

तुमची,
मोना