खोटा गुरुवार

बुधवार, अकोला. दिवेलागण झाली.

मी आज गुरुवारच धरून बसले होते. सासूबाईंनी ताट वाढलं आणि मी सवयीनं म्हणून गेले, "आई, माझा उपास आहे."

किती महिने हेच चाललंय? भूक म्हणून लागतच नाही, अन्न बघितलं की रडू येतं. मग सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. उपासवालीला कोणी 'काहून?' विचारत नाही. भगरीचं ताट कौतुकानं समोर येतं, आणि मी ते गुपचूप मागच्या परसातल्या गायीला घालते. शेजारच्या काकू म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलं पोरीच्या. तेज! बांगड्या हातातून गळून पडतात म्हणून त्यांना दोरा गुंडाळलाय मी.

आई ताट धरून तशाच थांबल्या. "आज तं बुधवार हाय न पोरी."

मी बांगडीच्या दोऱ्याकडं बघत राहिले. वाटलं, आता चिडतील, वलगावला माझ्या माहेरी फोन लावतील. पण त्या जवळ बसल्या, माझा हात मांडीवर घेतला आणि तो दोरा कितीतरी वेळ बोटानं चाचपत राहिल्या.

"तुये सासरे गेले तवा मीनं बी लय उपास केले," त्या म्हणाल्या. "मले कोणं पकडलंच नाई."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं घास भरवला. तो तोंडातच फिरत राहिला. गिळता आला नाही.