पिंपातली जिवंत धूळ

बुधवार, संध्याकाळ

आठवडाभर हाताला खाज सुटतेय आणि मी उगाच साबणाला दोष देत होते. आज सखूबाईंनी चहा होईपर्यंत कारण शोधून काढलं. बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरून त्या इथे शहरात, कॅम्प दोनला, माझ्या पिठाच्या गिरणीत नाचणी दळायला येतात, किती वर्षं झाली कोण जाणे.

मी गव्हाचं पिंप उघडलं आणि त्या थबकल्या. “पुदिन्यासारका वास येतो गं.” त्यांनी तळाची भुरकट धूळ कागदावर घेतली, बोटाने सपाट केली, मधोमध एक रेघ ओढली. “च्या पी, मंग बघ.”

चहा झाला तर रेघ बुजलेली. म्हणजे ती धूळ नव्हतीच, डोळ्याला धड न दिसणारे, ओलसर धान्यात होणारे कोळीकिडे होते. खाज त्यांचीच.

“झाकण तर घट्ट होतं,” मी म्हटलं. त्यांनी एक दाणा चावून दाखवला. कट्कन फुटला नाही, चेपला. गिऱ्हाइकांना धुतलेल्या गव्हाचं पीठ लागतं. या खेपेला मी घाईत अर्धवट वाळलेले गहूच भरले. ओल मीच कोंडली.

“औषिद नको. यो माल टाक. पिंप धू, कडक उन्हात ठेव.”

ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही. केवढी साधी युक्ती.

आणि त्यांची नाचणी दळायला घेण्याआधी पिशवीत हात घालून ओल तपासणारी कोण? मीच, दर खेपेला. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. आज न दळताच पिशवी परत डोक्यावर घेतली आणि हसत म्हणाल्या, “तुजी गिरण साफ झाली का आणीन.”