पंधरा दिवसांतून एकदा पाणी

३ फेब्रुवारी
ताईचा फोन. बाबांना एकदा डॉक्टरकडे ने, म्हणाली. गेल्या आठवड्यात त्यांनी एकाच फोनवर तिला तीनदा विचारलं, जावयांची बदली झाली का. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस विसरायचाच. तुझ्या नवऱ्याच्या बदलीत लक्षात ठेवण्यासारखं आहे काय, हे मनात म्हटलं.
खरा प्रॉब्लेम एकटेपणाचा. आई गेल्यापासून बाबा भिंतीकडे बघत बसतात. उपाय सापडला: घरात झाडं. दिसायला छान, लो मेंटेनन्स.

६ फेब्रुवारी
नर्सरीत गेलो, बाबांना घेऊन. नर्सरीवाला म्हणाला, स्नेक प्लांट आणि झीझी न्या, ही दुर्लक्षावर जगतात. उजेडात ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा पाणी. जास्त पाण्याने मात्र मुळं सडतात.
दोन स्नेक, एक झीझी, एक रबर प्लांट. रबराची पानं इतकी चकचकीत की बाबांनी बोटाने पुसून बघितली. हिला आवडेल ना, म्हणाले. हिला म्हणजे आईला. तोंडातली सवय जात नाही एकेकाच्या.
संकल्प: पाणी फक्त मी घालणार. फ्रिजवर तक्ता लावला. बिस्किटांच्या फॅक्टरीत बावीस वर्षं क्वालिटी बघतोय, चार कुंड्यांचं काय एवढं.

२१ फेब्रुवारी
पहिलं अधिकृत पाणी. माती आधीच ओली लागली. कुंड्या चांगल्या आहेत, ओल धरून ठेवतात.

१ मार्च
स्नेक प्लांटची दोन पानं पिवळी. कामाच्या मावशी म्हणाल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या भरून वाहत होत्या, फरशी पुसून घेतली.
मी घातलं नाही, मग पाणी आलं कुठून? दिवसा घरात दोनच माणसं. बाबांना विचारलं. हातसुद्धा लावला नाही, म्हणाले. बाबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. राहिल्या मावशी.
त्यांना समज दिली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दादा, आजोबांबद्दल थोडं बोलायचं होतं. म्हटलं, विषय बदलू नका.

८ मार्च
पाण्याचा दिवस. झीझीला हात लावला तर देठ बुडापासून सुटून हातात. लिबलिबीत. वास सडक्या बटाट्यांचा, वर चिलटं. वास आता हॉलभर आहे. बाबांना येत नाही म्हणतात.
फॅक्टरीत अशा वेळी आम्ही लाइन थांबवतो आणि एकेक कारण बाद करतो. मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सात वर्षं होत्या. वाईट वाटलं, पण पद्धत म्हणजे पद्धत. जाताना एवढंच म्हणाल्या, सकाळी निघताना सिलिंडर खालून बंद करत जा.
दुखावलेलं माणूस काहीही बोलतं.

१३ मार्च
ताई भडकली. मावशी तिला रोज बाबांची खबर द्यायच्या, हे मला आज कळतंय. याला हेरगिरी म्हणतात. दिवसभर त्यांच्याजवळ कोण आहे आता, विचारत होती. म्हटलं, बाबा काय कुकुलं बाळ आहेत? डबा भरून ठेवतो, शेजारी चिठ्ठी.
संध्याकाळी डबा भरलेलाच. भूक नव्हती, म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, पोटभर जेवलो. दोन्ही एकदम खरं कसं, हे विचारणार होतो. राहून गेलं.

१८ मार्च
मावशी गेल्या तरी मातीचा चिखल. म्हणजे दोष मालात. झीझीचं प्रेत पिशवीत घालून नर्सरीत नेलं. नर्सरीवाल्याने मुळं दाबून बघितली. म्हणाला, साहेब, हे झाड मारायला रोज पाणी घालावं लागतं, तेही चार-पाच वेळा. घरी कोण असतं? म्हटलं, तुमचं काम झाडं विकायचं.
घरी आलो तर बाबा बूट घालून दाराशी बसलेले. ड्रॉइंग ऑफिसला निघालोय, म्हणाले. रिटायर होऊन वीस वर्षं झाली. मी हसलो. बाबांचा विनोद पहिल्यापासून कोरडा. ते मात्र हसले नाहीत.

२२ मार्च, दुपारी ३
खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंचा फोन. त्यांच्या छतातून पेशंटच्या खुर्चीवर पाणी गळतंय. आमची बेल वाजवली, कुणी दार उघडत नाही. निघतोय. पाइप जुना असणार.

२२ मार्च, संध्याकाळी ७
पाइप ठीक आहे.
दार उघडलं तर घरभर पाणी. किचनचा नळ पूर्ण सोडलेला, सिंकच्या तोंडाशी पिवळी पानं अडकलेली. बाबा तांब्या भरून हॉलमध्ये यायचे, कुंडीत ओतायचे, परत जायचे, भरायचे, परत त्याच कुंडीत. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. आधी नळ बंद करायला हवा होता. मी दारात उभं राहून फेऱ्या मोजल्या. अकरा.
मग त्यांचं लक्ष गेलं. बरं झालं आलात, म्हणाले. माळी ना तुम्ही? सकाळपासून कुणी पाणी घातलेलं नाही हो, झाडं सुकून चाललीत.
जवळ येऊन हळूच म्हणाले, माझ्या मुलाला सांगू नका. तो चिडतो.
नाही सांगत, म्हटलं.
कोरडा पायजमा दिला. नाडी बांधू देईनात. परक्या माणसाला कशाला त्रास, म्हणाले.

२३ मार्च
रजा टाकली. ताईला फोन करून डॉक्टरांचा नंबर मागितला. आता ती मला धुऊन काढणार, असं वाटलं होतं. तिने नुसता नंबर सांगितला, आणि मी तो लिहून घेतला का, हे दोनदा विचारलं.
मग मावशींना लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला. माफी कशी मागायची ते कागदावर लिहून ठेवलं होतं. पहिलं वाक्य वाचायच्या आत त्यांनीच विचारलं, आजोबा जेवले का.
मला माहीत नव्हतं.