झोपेतली वाडी

प्रिय क्षितू,

फोनवर हा विषय काढला की तू हसतेस, तू हसलीस की मलाही हसू येतं, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. या कागदांचे फोटो काढून तुला पाठवते. आज झोपायच्या आत वाच, आणि वाचून होईपर्यंत थोरल्या बहिणीचा मान ठेवून गप्प बस.

बाबा गेल्यावर माझी झोप उडाली होती, तेव्हा तूच तो व्हिडिओ पाठवलास. स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखायला शिकायचं, मग हवं तिथं जाता येतं म्हणे. खाली कुणीतरी विचारलं होतं, अशानं विश्रांती मिळते का? कुणी म्हणे मिळते, कुणी म्हणे छे. मी म्हटलं, आपल्याला आता तरी कुठे मिळतेय! येता-जाता आपल्या पायांकडे बघायचं आणि मी जागी आहे ना असं स्वतःला विचारायचं, एवढाच अभ्यास. इथल्या चंदनसारच्या भाजीवाल्याला वाटलं, माझी चप्पल तुटलीय.

आणि जमलं गं. वटारची आपली पानवेलींची वाडी दिसली, आता सुकून गेलीय तशी नाही, पूर्वीसारखी हिरवीगार. बाबांनी जन्मभर कुणाला तिथं चप्पल घालून पाऊल टाकू दिलं नाही, व्यापाऱ्यालासुद्धा बांधावर चप्पल काढायला लावायचे. आणि माझ्या पायात चप्पल! त्यावरूनच ओळखलं की हे स्वप्न. बाबा पाठमोरे उभे राहून पानं खुडत होते. मी नुसती बघत राहिले. सकाळी इतकी ताजीतवानी उठले की जयवंत म्हणाले, रातोरात माहेरी जाऊन आलीस की काय?

बरेच दिवस असंच सुखात गेले. मग एकदा बाबांनी मान न वळवता विचारलं, पानी सोडलंस का गं? त्यांचाच आवाज. मी लगबगीनं निघाले आणि सवयीनं बांधावर चप्पल काढून ठेवली. वाडीत वाढलेल्या पोरीकडून दुसरं काय होणार? तेव्हापासून हे स्वप्न आहे हे कळतं, पण उठता येत नाही. बाबा पुरे म्हणेपर्यंत खुडत राहायचं. ते तोंड कधीच दाखवत नाहीत. हाक मारली की रिकामी टोपली मागे सरकवतात.

सकाळी खांदे भरून आलेले असतात. डॉक्टरांनी डोक्याला वायरी लावून रात्रभर झोपवून पाहिलं. म्हणाले, झोप उत्तम आहे, गाढ आहे, तक्रारीला जागा नाही. परवा वर्गात हातात खडू घेऊन उभ्या उभ्या डुलकी लागली, पोरं खुदुखुदू हसत होती. जयवंत घाबरलेत. मीही घाबरलेय. तरी गोळ्या घेतल्या नाहीत, कारण पाठमोरे का होईना, बाबा तिथं असतात, आणि मला त्यांची फार आठवण येते. मग एके रात्री त्यांनी विचारलं, धाकटी कुठंय? मी म्हटलं, ती पुण्याला असते बाबा, तिला झोपू द्या. त्यांनी आणखी एक रिकामी टोपली मागे सरकवली.

काल पलीकडच्या ओळीत तू होतीस. पायात चप्पल, आणि सगळीकडे बघत हसत होतीस. मी ओरडले, पण आवाजच फुटला नाही. सकाळी तुला फोन केला, तर मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, ताई, आज काय झोप लागली म्हणून सांगू, कित्येक वर्षांत इतकं ताजंतवानं वाटलं नव्हतं! स्वप्नाचं विचारलं तर म्हणालीस, काही आठवत नाही. माझंही अगदी असंच सुरू झालं होतं. क्षितू, अजून काही बिघडलेलं नाही. वाडी पुन्हा दिसली तर काही झालं तरी पायातली चप्पल काढू नकोस. बाबा काहीतरी काम सांगतील, अगदी लाडानं सांगतील. जन्मात एकदा त्यांचं ऐकू नकोस, राणी. त्यांना सोबतीला मी आहे.

तुझीच,
विनूताई